वरणभाताआधीचा 'नाय'

चित्रपट हा या सदराचा नेहमीचा विषय नव्हे. आणि ज्या चित्रपटाविषयी आज लिहावयाचे आहे तो तर घरातील लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असाही नव्हे. तरीही त्याविषयी कुटुंबाच्याच मासिकात लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' हा मराठी चित्रपट १४ जानेवारी २०२२ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, प्रदर्शित झाला. त्याआधी काही दिवस त्याची झलक समाजमाध्यमांवर फिरली आणि एकच गदारोळ उठला. कोवळ्या मुलांच्या तोंडची भाषा, त्यांच्या हातून होणारा रक्तपात आणि प्रौढ स्त्रीसमवेतचे त्यांचे प्रसंग पाहून ठिकठिकाणांहून तक्रारी झाल्या. राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयास पत्र लिहिले. झलक मागे घेण्यात आली. पुढे न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत गुन्हाही नोंदवला गेला. चित्रपटाला प्रमाणपत्र केवळ प्रौढांसाठीचे होते. पण ज्या झलकेने सारा गोंधळ उडाला, ती तर कोणाच्याही खिशातल्या फोनवर जाऊन बसली होती.

लातुरास एका नातलगाकडे गेलो असता आम्ही हा चित्रपट दुपारच्या खेळाला पाहिला. मध्यंतरात दोन-तीन मंडळी उठून गेली, ती परतली नाहीत. आम्ही अखेरपर्यंत बसलो. दिग्या आणि इलियास ही त्यातील दोन पोरे, धड मिसरूडही न फुटलेली, मुंबईच्या गिरणगावातील. शाळा त्यांच्या आयुष्यात नाममात्र, आणि मोठे होऊन काय व्हावयाचे याचा एकच आदर्श डोळ्यांपुढे, तो म्हणजे 'भाई'. या आदर्शामागे धावताना ती दुसऱ्यांच्या जिवावर उठतात आणि पावलोपावली स्वतःचा नाशही जवळ ओढून आणतात. चित्रपट पाहून डोके भणभणले हे खरे. पण बाहेर आल्यावर मनात राहिले ते रक्त नव्हे. मनात राहिला तो नावातला एक शब्द. त्याकडे पुढे येऊ.

मराठी वाचकाला अशा गदारोळाची सवय जुनी आहे. भाऊ पाध्ये यांचे 'वासूनाका' १९६५ साली प्रसिद्ध झाले तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला होता. पोक्या आणि त्याचे सोबती नाक्यावर उभे राहून जी भाषा बोलतात, मुलींकडे ज्या नजरेने पाहतात, ते सारे छापून येणे हाच अनेकांना सारस्वताचा विटाळ वाटला. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' परिनिरीक्षण मंडळाने अडवले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि त्यांनी नाटक सोडवून आणले. आम्ही एम. ए. करीत होतो तोवर ही दोन्ही नावे वाङ्मयेतिहासात सन्मानाने जाऊन बसली होती आणि आम्ही त्यांच्यावर निमूटपणे टिपणे काढीत होतो. तेव्हा गदारोळ शमतो आणि कलाकृती उरते, असे म्हणून आजच्या प्रकरणावरही हात झटकता येतील.

आम्हांस ते करवत नाही, कारण पोक्याची टोळी आणि दिग्या-इलियास यांच्यात एक मोठा फरक आहे. १९६५ च्या मुंबईत गिरण्या चालू होत्या. नाक्यावरचा पोरगा कितीही उनाड निघाला तरी कोणी काका-मामा त्याला खात्यात नेऊन बदली कामगार म्हणून चिकटवू शकत असे. त्याचे लग्न जमे, भोंग्यावर उठण्याची त्याला सवय लागे आणि नाका हळूहळू सुटे. उनाडपणाला वयाची मर्यादा होती. भाऊ पाध्ये स्वतः काही काळ कामगार चळवळीत वावरलेले. त्यांना हे नेमके ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांच्या पुस्तकात, अत्र्यांना काहीही दिसो, निव्वळ अंधार नाही. पोरे वाह्यात आहेत, पण त्यांच्या पाठीमागे शहर उभे आहे.

ते शहर कसे होते हे महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या आपल्या मुलांना बहुधा ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा, शिवडी, वरळी या पट्ट्यात कापडगिरण्यांची धुराडी उभी होती. तीन पाळ्यांत काम चाले. एकेका खोलीत दहा-बारा माणसे पाळीपाळीने झोपत. एकजण कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा पाठ टेकी. कोकणातली, घाटावरची बायकामाणसे गावी शेत सांभाळीत आणि पुरुष येथे खानावळीत जेवत. अशा दाटीवाटीत व्यायामशाळा होत्या, भजनी मंडळे होती, मोफत वाचनालये होती. दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचे आवाज येथूनच महाराष्ट्रभर गेले. नारायण सुर्व्यांसारखा कवी याच गर्दीत घडला. आम्ही गरिबीचे गोडवे गात नाही. ती दाटी भयंकर होती, आणि कापसाच्या तंतूंनी कित्येकांची छाती कायमची धरली. पण वाढत्या पोराच्या अवतीभवती तेथे माणसे होती, आणि त्यातील बहुतेकांना उद्या सकाळी जाण्यासाठी एक ठिकाण होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. काही गिरण्या पुन्हा धडधडल्या, पुष्कळ थंड पडल्या. १९९१ च्या नियमांप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हावयाचे होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकास. २००१ मध्ये ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरतीच करण्यात आली, म्हणजे ज्यावर इमारती उभ्या होत्या तो मोठा भाग हिशेबातून निसटला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. आज फिनिक्स मिलचे नाव घेतले की मुलांना भव्य दुकाने आठवतात. मिल या शब्दाचा अर्थ त्यांना विचारून पाहावा. दरम्यानच्या काळात त्या वस्तीत टोळ्या वाढल्या. १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांची भर रस्त्यात हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी खुद्द दत्ता सामंत मारले गेले. ज्या घरात पगाराचे पाकीट येत होते तेथे पिस्तूल येण्यास पंधरा वर्षेही लागली नाहीत.

आमच्या भागातून मुंबईच्या गिरण्यांत फारसे लोक गेले नाहीत. आमची माणसे सोलापूरला जात, किंवा गुलबर्ग्याच्या महबूबशाही गिरणीत. तीही गिरणी बंद पडली. कलबुर्गीत आज एम. एस. के. मिल हे वस्तीचे नाव तेवढे उरले आहे. रिक्षावाल्याला ते नाव सांगितले की तो बरोबर नेऊन सोडतो; गिरणी मात्र कोठे होती हे त्याला सांगता येईलच असे नाही.

आता मूळ लेखकाकडे येऊ. ज्या कथेवरून हा चित्रपट निघाला ती जयंत पवार यांची. 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा' हे त्यांच्या कथासंग्रहाचेही नाव आहे. पवार हे गिरणगावचेच. पत्रकार आणि नाट्यसमीक्षक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहासाठी त्यांना २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २९ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी साडेचार महिने. त्यांच्या मागे त्यांच्या कथेवरून जे रण माजले ते त्यांना पाहावे लागले नाही, आणि त्यांचे म्हणणे आपल्यालाही ऐकावयास मिळाले नाही.

पवारांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ मध्ये रंगभूमीवर आले. संपानंतरच्या एका कुटुंबाचे हे नाटक. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, दुसऱ्याला क्रिकेटपलीकडे काही सुचत नाही, तिसरा नरू टोळीत गेलेला, आणि मुलगी मंजू. या सर्वांना एका खोलीत धरून ठेवणारी आई. नरू गुंड आहे हे नाटक लपवीत नाही, पण तो जेव्हा घरात येतो तेव्हा तो त्या आईचा मुलगाच असतो; त्याला जेवायला वाढावेच लागते. आमच्या मते मराठी रंगभूमीवर बेकारीविषयी इतके थोडे बोलून इतके अधिक सांगणारे दुसरे नाटक त्या दशकात झाले नाही. याच नाटकावरून मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' काढला. त्यातील सिद्धार्थ जाधवचा तोतरा 'स्पीडब्रेकर' ज्यांनी पाहिला असेल ते तो विसरणार नाहीत: धड बोलता न येणारा पोरगा, आणि बंदूक हाती आल्यावर त्याला प्रथमच फुटलेली वाचा. आरडाओरडा त्या चित्रपटातही पुष्कळ आहे, पण त्यात घर आहे, संप आहे, धुराडे आहे. पोरे कशातून निघाली हे प्रेक्षकाला कळते.

नव्या चित्रपटात हे 'कशातून' अंधुक झाले आहे. तसे त्याचे एक-दोन उल्लेख येतात आणि जातात, आणि कॅमेरा पुन्हा रक्ताशी व अंथरुणाशी येऊन थांबतो. पवारांच्या कथा वाचताना एका माणसाच्या गोष्टीत दुसऱ्याची गोष्ट शिरते, निवेदन मागे वळते, कोणा म्हातारीचे बोलणे मधेच पान-दीड पान चालते, आणि वाचक त्या गल्लीत राहू लागतो. तेथे घडणारी हत्या त्याला शेजारची वाटते. पडद्यावर ती आपल्या अंगावर फेकल्यासारखी येते. 'हे समाजात घडते, म्हणून आम्ही दाखवले' असे अशा वेळी सांगितले जाते. घडते हे कोणीच नाकारीत नाही. पण जे घडते त्याला किती मिनिटे दिली आणि ते का घडले याला किती दिली, हे घड्याळ लावून मोजता येते, आणि आमची तक्रार त्या मोजमापाची आहे. अश्लीलतेची चर्चा करणाऱ्यांनीही हे मोजले नाही. मुलांनी काय पाहू नये याची यादी झाली. ती मुले कोणाची, हे कोणी विचारले नाही.

आणि येथे तो शब्द. पवारांच्या नावात वरणभात आहे. कोणी कोणाचे नाही, हे कटू सत्य तेथेही आहे, पण त्याच्या शेजारी ताटात वरण, भात, लोणचे वाढलेले आहे. लहान मुलांच्या तोंडचे यमक असावे तसे ते नाव उच्चारले जाते. चित्रपटाने त्याच्याआधी एक 'नाय' आणून बसवला. ठसका वाढवा, लक्ष वेधावे, एवढाच त्यामागे हेतू असेल. पण भाषेच्या शिक्षकाला तो शब्द चुकवून पुढे जाता येत नाही. त्या एका 'नाय'ने ताट उचलले गेले. कथेतली माणसे एकमेकांना दुरावली असली तरी जेवत होती. चित्रपटाच्या नावात जेवणही राहिले नाही. दिग्दर्शकाला जाणवले असो वा नसो, १९८२ नंतर गिरणगावात जे झाले ते याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

येथवर आलेल्या वाचकाला वाटेल की गिरणी बंद पडली म्हणून पोरे बिघडली, असा सरळ हिशेब आम्ही मांडीत आहोत. तो हिशेब पुण्यापाशी अडतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते ओळखले जाते. करणारे चौघे, जक्कल, सुतार, जगताप आणि शाह, टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातील एक मुलगा. खंडणीसाठी त्याला पळवले होते. पुढे वयोवृद्ध संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर, ज्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश आजही अभ्यासक हाती घेतात, ते आपल्या घरच्या माणसांसह मारले गेले. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. या मुलांच्या बाबतीत कोणतीही गिरणी बंद पडली नव्हती. चित्रकला शिकावयास आलेली ही मुले. त्यांना शिक्षक होते, वर्ग होते, रेषा आणि रंग यांची जाण होती. व्यसने होती, झटपट पैशाची हाव होती, एकाने पुढे व्हावे आणि बाकीच्यांनी मागे जावे अशी टोळीची रीत होती. पण या कारणांची बेरीज केली तरी दहा प्रेतांचे उत्तर येत नाही.

या प्रकरणावर १९८६ मध्ये 'माफीचा साक्षीदार' हा मराठी चित्रपट आला, ज्यात नाना पाटेकर होते. पुढे त्याच घटनांचा सैल आधार घेऊन अनुराग कश्यप यांनी 'पांच' हा हिंदी चित्रपट केला: मुंबईतली चार गाणारी-बजावणारी नशेबाज पोरे, त्यांच्यासोबत एक तरुणी, मित्राचेच खोटे अपहरण, आणि मग एकातून दुसरा खून. परिनिरीक्षण मंडळाने तो अडवला, आणि पुढे कात्री लावून तोडगा निघाला तरी निर्मात्याच्या अडचणींत सापडून वर्षानुवर्षे तो चित्रपटगृहांत येऊ शकला नाही. मंडळाच्या हरकतींत हिंसा आणि नशा तर होतीच. शिवाय चित्रपटात एकही चांगले पात्र नाही, समाजाला संदेश नाही, अशीही होती. ही हरकत आम्हांस मुळीच पटलेली नाही. गेली कित्येक वर्षे आम्ही इसापनीतीखाली 'तात्पर्य' लिहून घेत आहोत आणि त्या एका ओळीने कोणता कोल्हा सुधारला हे आम्हांस अद्याप दिसावयाचे आहे. शेवटच्या पाच मिनिटांत एक सद्गृहस्थ आणून उभा केला असता तर 'पांच' अधिक नीतिमान झाला नसता, केवळ अधिक खोटा झाला असता. मांजरेकरांच्या चित्रपटातही सज्जन पात्रांची उणीव आहे ही आमची तक्रार नाहीच. पोरांकडे टक लावून पाहणे आणि त्यांची विचारपूस करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्याने पहिलीच केली.

हे सर्व मेहकरात बसून आम्ही का लिहितो, असे कोणी विचारील. आमचे मेहकर बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात, राज्याच्या कडेला. पलीकडे लातूर जिल्हा लागतो. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले तेव्हा रेघ मधून गेली आणि आम्ही अलीकडे राहिलो. येथे नाका आहे तो एस. टी. आणि कर्नाटकची बस थांबते तेवढाच. तेथे टोळ्या नाहीत, चहाची दुकाने आहेत. तरी मुंबईत झलक आली त्याच आठवड्यात ती आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गात होती. तीन मुले मधल्या सुटीत पाण्याच्या टाकीमागे पाहत होती. चित्रपटगृहात दाखवावयाच्या झलकेलाही मंडळाचे प्रमाणपत्र लागते; फोनवर येणाऱ्या झलकेला तशी आडकाठी नव्हती. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सात, तेरा, सोळा वर्षे असे वयाचे टप्पे आले खरे, पण पाण्याच्या टाकीमागे ते टप्पे कोण तपासणार?

सहकारी संतापले. फोन काढून घ्यावेत, पालकांना बोलवावे, असे ठरले आणि तसे केलेही. पालक म्हणून तिघांच्या घरून आल्या त्या तीन आज्या. हे पाहून आम्हांस नवल वाटले नाही. आमच्या वर्गात अशी मुले पुष्कळ आहेत. आईबाप पुण्याकडे चाकणला, नाहीतर हैदराबादेजवळ पाटणचेरूला, कोणी बांधकामावर, कोणी कारखान्यात कंत्राटावर. मुले शाळेसाठी गावी, म्हाताऱ्या माणसांपाशी. आम्ही एका आजीला समजावू लागलो की, माय, या फोनमुळे लेकरू बिघडेल, आठ दिवस तो शाळेत राहू द्या. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "गुर्जी, ह्याची माय राती आठ वाजता फोन करती. ते तुमच्यापाशी ठिवलं तर मी त्याला काय सांगू? माय आज बोलली न्हाई म्हणू?"

फोन आम्ही त्याच संध्याकाळी परत केला. ज्या वस्तूतून ती झलक आली त्याच वस्तूतून आई येते, ही गोष्ट मुंबई-दिल्लीच्या चर्चेत कोणी लिहिलेली आम्ही वाचली नाही. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षण फोनवर आले, तेव्हा चाकणच्या बापाने कर्ज काढून तो घेऊन पाठवला होता. तो हिसकावणे सोपे. त्या जागी काय ठेवावयाचे?

दुसऱ्या दिवशी आम्ही नववीवर तास घेतला. चित्रपटाचे नाव काढले नाही, पण वर्गात सर्वांना ठाऊक होते की प्रस्तावना कशाची आहे. मुंबईतल्या गिरण्यांची हकीकत सांगितली: भोंगा, पाळ्या, वळकटी, संप. मुले ऐकत होती, पण कथा ऐकावी तशी, जिव्हाळ्याने नव्हे. मग त्या तिघांतल्याच एकाने, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, विचारले, "सर, मग त्या पोराचा बाप काय काम करत होता?"

आम्ही इतकी परीक्षणे वाचली, निषेध वाचले, बचाव वाचले. हा प्रश्न त्यांत कोठेही नव्हता. आम्ही त्याला म्हणालो की ते चित्रपटात नीट सांगितलेले नाही. तुझा बाप काय काम करतो ते तू सांग. तो म्हणाला, "कंपनीत आहेत." कोणत्या? ठाऊक नाही. तेथे काय बनते? ठाऊक नाही. वर्गात फिरून विचारले. "पुण्याला असतात", "हैदराबादला असतात", "कामाला असतात". पाठ करून ठेवल्यासारखी उत्तरे. बाप कोठे असतो हे सर्वांना ठाऊक. तो दिवसभर काय करतो हे जवळजवळ कोणालाच नाही. गिरणगावातल्या पोराला निदान बापाचे खाते ठाऊक असे. साचेखाते, वाइंडिंग, ब्लो रूम हे शब्द त्याच्या कानांवरून गेलेले असत. पाळी सुटली की घामाचा आणि कापसाचा वास घरात येई.

तेव्हा निबंध दिला. विषय: 'आमच्या घरची माणसे काय काम करतात'. अट एकच, की रात्री फोन येईल तेव्हा आईला किंवा वडिलांना विचारून लिहावयाचे. किती तास, कोणते यंत्र, बसून की उभ्याने, दुपारी काय जेवता, बरोबर कोण असते. एका सहकाऱ्याला हे रुचले नाही. लोकांच्या घरच्या कामाची चौकशी शाळेने करू नये, मुलांना कमीपणा वाटेल, असे त्यांचे मत. ते मत आम्ही टाकाऊ मानीत नाही. म्हणूनच निबंध वर्गात मोठ्याने वाचून घ्यावयाचे नाहीत असे ठरवले. मुलांना आठ दिवस दिले.

शुद्धलेखनाविषयी न बोललेले बरे. कन्नड आणि मराठी दोन्ही लिप्यांच्या मात्रा एकाच ओळीत नांदत होत्या. परंतु वह्या भरल्या होत्या. एका मुलीची आई दिवसभर बाराव्या मजल्यावर विटा पोचवते आणि तेथून तिला डोंगर दिसतो, आपल्याकडे तसा डोंगर नाही, असे तिने आवर्जून लिहून पाठवले होते. एकाचा बाप रात्रपाळीचा पहारेकरी. तो ज्या इमारतीवर असतो तेथे चारशे बिऱ्हाडे आहेत आणि त्यातील कोणालाही त्याचे नाव ठाऊक नाही, ते सर्व त्याला 'भैया' म्हणतात. एकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या: वडिलांना विचारले, ते गप्प बसले, मग म्हणाले अभ्यास कर.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाची वही आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती. त्याचा बाप मोटारींच्या काचा तपासतो. पट्ट्यावरून काच पुढे येते, ती दिव्यासमोर धरून तडा आहे का ते पाहावयाचे आणि बाजूला ठेवावयाची. पाळीला किती काचा होतात तो आकडा त्याने लिहून मग खोडला होता, आणि खाली लिहिले होते की वडील म्हणाले, नक्की मोजून उद्या सांगतो.